काशीकाम, दख्खनमधील

भाजलेल्या फरशांवर रंगीत काचेची झिलई चढवून वास्तूचे दर्शनी भाग मढविण्याची कला. मध्ययुगीन इराणमधील काशान हे अशा फरशांचे विख्यात केंद्र. त्यावरून ‘काशी’ हे नाव रूढ झाले. काशानच्याच कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये फरशीच्या मिश्रणाची कृती नोंदविली : दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काच व एक भाग पांढरी माती. झिलईला कोबाल्टमुळे गडद निळा, तांब्यामुळे फिरोजी, तर कथिलाच्या भस्मामुळे अपारदर्शक पांढरा रंग येई. तैमूरी काळात एकरंगी फरशांचे तुकडे छाटून ते जुळविण्याची पद्धती उत्कर्षास पोहोचली. प्रत्येक रंग स्वतंत्रपणे भाजला जात असल्याने तो पूर्ण तेजाने खुले. मात्र श्रम व खर्च अफाट होत.

दख्खनमध्ये या कलेचा सर्वांत मोठा आविष्कार बीदर येथील मदरशात आढळतो. गीलान प्रांतातून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याने तो १४७२ मध्ये पूर्ण केला. मध्यवर्ती चौक, सभोवती तीन मजली खोल्या व दर्शनी भागाच्या दोन्ही टोकांस मनोरे अशी ही रचना. भारतीय वास्तूंपेक्षा समरकंद-हेरातच्या मदरशांशीच तिचे नाते अधिक जवळचे आहे. दर्शनी भागावर कुराणातील वचनांचा भव्य पट्टा होता आणि मनोऱ्यांवर नागमोडी रंगीत पट्टे होते. बनावट पत्राच्या आधारे गावानला १४८१ मध्ये देहदंड देण्यात आला. पुढे मोगल अंमलात, १६९६ च्या सुमारास, येथे साठविलेल्या दारूचा स्फोट होऊन एक मनोरा व दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. उरलेल्या भिंतींवरील झिलई पावसापाण्याने बरीच गळून पडली. मध्य इराणच्या कोरड्या हवेत टिकणारे हे काम दख्खनच्या पावसाळ्यात उघड्यावर तग धरू शकले नाही, असे दिसते.

आतील दालनांत ते अधिक सुरक्षित राहिले. बीदरच्या रंगीन महालात काशीकामाच्या जोडीला काळ्या दगडात शिंपल्यांचे जडावकाम आहे. ही जोड खास दख्खनी होय. हैदराबादच्या बादशाही आशुरखान्यातील फरशांचे तेज आजही थक्क करते. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात तेथील खालच्या भागाची हानी झाली. महाराष्ट्रात दौलताबाद किल्ल्यातील चिनी महालाला त्याचे नावच निळ्या-पांढऱ्या फरशांवरून मिळाले. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर अखेरचा कुत्बशाह अबुल हसन याला औरंगजेबाने याच महालात बंदिवासात ठेवले. त्या फरशांचे आता थोडेच तुकडे भिंतीवर उरले आहेत.