केशरोपणानंतरचा बधीरपणा आणि डोक्यातल्या मुंग्या

केशरोपण, म्हणजे हेअर ट्रान्सप्लांट, करून घेतलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘डॉक्टर, डोक्याला हात लावला की दुसऱ्याच्याच डोक्याला लावल्यासारखं वाटतं. भूल अजून उतरली नाही का?’ भूल त्याच दिवशी काही तासांत उतरलेली असते. नंतर उरतो तो बधीरपणा त्वचेतले बारीक चेतातंतू कापले गेल्यामुळे येतो. हे तंतू पुन्हा वाढतात. ते कसे वाढतात आणि संवेदना कोणत्या क्रमाने परत येते, हे केसांच्या डॉक्टरांनी शोधलेलं नाही. त्याची गोष्ट जुनी आहे, आणि ती माहीत असेल तर पुढच्या काही महिन्यांतली तुमची निम्मी धास्ती कमी होईल.

1850 साली लंडनच्या केन्सिंग्टन भागात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेतल्या नसा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. (आपण बोलताना रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतो, इथे संवेदना आणि हालचालीचे निरोप नेणारी नस समजा.) कापलेल्या जागेच्या पलीकडचा भाग झिजून नाहीसा होतो, असं त्यांना दिसलं. अलीकडचं टोक जिवंत राहतं आणि पुढे त्यालाच नवा कोंब फुटतो. या कोंबाचा वेग आज आपण ढोबळमानाने दिवसाला 1 मिलिमीटर धरतो. म्हणजे 9 सेंटिमीटर जायचं असेल तर तीन महिने, शिवाय सुरुवातीची साफसफाई वेगळी. बधीरपणा आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजावा लागतो तो यामुळे.

पण परत येणारी संवेदना आतून कशी वाटते? बेडूक ते सांगू शकत नाही. दवाखान्यातले रुग्ण सांगत, पण त्यांच्या उत्तरांवर हेन्री हेड या इंग्रज मज्जाविकारतज्ज्ञाचं समाधान होत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. 25 एप्रिल 1903 रोजी हेड यांच्या डाव्या हाताच्या त्वचेला संवेदना देणारी नस शल्यचिकित्सकांनी कापली, तिचा लहानसा तुकडा काढला आणि टोकं रेशमी टाक्यांनी जोडली. हेड तेव्हा 41 वर्षांचे होते. पुढची चार वर्षं ते सवड मिळेल तेव्हा केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे जात, डोळे मिटून बसत, आणि रिव्हर्स त्यांच्या हाताला कापूस, टाचणी, गरम आणि थंड वस्तू लावून नोंदी करत. 1908 साली हा सगळा प्रयोग प्रसिद्ध झाला.

तुमच्या कामाचा भाग असा. संवेदना एकदम आणि पहिल्यासारखी परत आली नाही. आधी आली ती ओबडधोबड: टाचणी लागली की वेदना प्रमाणाबाहेर, आणि नेमकी कुठे लागली ते सांगता येईना. हातावरच्या केसांना कापूस नुसता घासला तरी झिणझिण्या दूरवर पसरत. हलका स्पर्श नीट कळायला त्यानंतर फार वेळ गेला. या दोन टप्प्यांवरून हेड यांनी चेतातंतूंच्या दोन वेगळ्या व्यवस्था मानल्या. विल्फ्रेड ट्रॉटर आणि मॉरिस्टन डेव्हिस यांनी 1909 साली स्वतःच्याच नसा कापून घेऊन तो सिद्धांत खोडून काढला. (त्या पिढीच्या डॉक्टरांचं मला कौतुकही वाटतं आणि थोडी भीतीही.) सिद्धांत मागे पडला, पण मधल्या काळात स्पर्श विचित्र आणि त्रासदायक वाटतो हे निरीक्षण टिकलं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कंगवा फिरवताना डोकं झोंबत असेल, तर बहुधा तोच टप्पा चालू आहे.

आता डोक्याकडे वळू. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती चेतातंतूंच्या टोकांचं जाळं असतं. झुरळ केसावरून गेलं तरी कळतं ते यामुळेच. त्यामुळे केस मुळासकट काढला की काही तंतू तुटणारच. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी 1939 साली गोल पात्याने केसांसह त्वचेचे लहान तुकडे काढून लावण्याची पद्धत मांडली. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1952 पासून टकलावर ती वापरली, साधारण 4 मिलिमीटरच्या तुकड्यांनी. पुढे डोक्यामागची त्वचेची लांब पट्टी काढून तिच्यातले केस वेगळे करण्याची पद्धत आली. आजच्या एफयूई पद्धतीत एकेक मूळ 1 मिलिमीटरच्या आसपासच्या पात्याने काढतात.

पट्टीच्या पद्धतीत बधीरपणा जास्त भागात आणि जास्त काळ राहू शकतो. कारण साधं आहे. डोक्याच्या मागच्या मुख्य नसा मानेतून वर टाळूकडे चढतात. आडवा छेद त्यांच्या फांद्या कापतो, म्हणून व्रणाच्या वरचा भाग सुन्न होतो आणि खालचा सहसा जागा राहतो. एफयूईमध्ये तुटतात ती टोकाची बारीक धाग्यांसारखी, त्यामुळे बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत फरक पडतो. पट्टीनंतर वर्षही लागू शकतं, आणि व्रणालगत एखादा चकदळ कायमचा राहू शकतो. शस्त्रक्रियेची संमती देण्याआधी हे तुम्हाला सांगितलं गेलंच पाहिजे.

आणि मुंग्या? 1915 साली, युद्धात, जर्मनीचे पॉल हॉफमन आणि फ्रान्सचे ज्यूल तिनेल यांनी काही महिन्यांच्या अंतराने एकच गोष्ट लिहिली. जखमी नसेवर हलकं टिचकावलं आणि त्वचेत झिणझिण्या आल्या, तर तिथवर नवे तंतू पोचलेत. तिनेल यांनी त्यासाठी वापरलेला फ्रेंच शब्द मुंगीवरूनच आला आहे, आपल्या ‘मुंग्या येणे’सारखा. नुसती वेदना आणि मुंग्या यांत त्यांनी फरक केला होता: वेदना म्हणजे नस चिडलेली, मुंग्या म्हणजे नस वाढतेय. मात्र तुम्ही रोज डोक्यावर टिचक्या मारून पाहू नका, नवीन मुळं हलतील.

सुन्न भागाला चटका कळत नाही. तोवर गरम हेअर ड्रायर, कडक पाणी, थेट त्वचेवर बर्फ आणि भर दुपारचं ऊन टाळा. वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, पू किंवा ताप आला, त्वचा काळी पडू लागली, तर बधीरपणाच्या नावाखाली थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. वर्षानंतरही बधीरपणा तसाच असेल, किंवा एका जागी हात लागताच विजेसारखी कळ जात असेल, तर मज्जाविकारतज्ज्ञांना भेटा.