सरासरी माणसाचे यकृत

कायद्याच्या ग्रंथांत 'सामान्य सुज्ञ माणूस' म्हणून एक गृहस्थ वावरत असतो. त्याला कोणी पाहिलेले नाही. तथापि आम्ही वकील मंडळी त्याच्याच मापाने इतरांचे वर्तन मोजीत आलो आहोत. औषधशास्त्रातही त्याचा एक सख्खा भाऊ नांदत होता. बाटलीवरील मात्रा त्याच्या प्रकृतीस अनुसरून ठरे.

या भावाविषयी शंका उत्पन्न झाली ती क्षयरोगाच्या आयसोनायझिडमुळे. काहींच्या शरीरातून ते झपाट्याने निघून जाते, काहींच्या सावकाश, आणि हा भेद रक्तातून उतरतो, हे १९६० पर्यंत दिसून आले होते. परंतु खरी साक्ष लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात निघाली. तेथील रॉबर्ट स्मिथ यांनी सहकाऱ्यांसमवेत रक्तदाबावरील डेब्रिसोक्विन प्रयोगादाखल स्वतः घेतले. सहकारी धडधाकट राहिले. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका उतरला की त्यांना उभे राहवेना. औषध तेच होते. भेद होता तो यकृतात. औषधाचे विघटन करणारे विकर त्यांच्या ठायी जन्मतःच निकामी होते. १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये ९४ स्वयंसेवकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३ जण स्मिथ यांच्याच पंक्तीचे निघाले.

आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने लक्षणीय खटला पुढे हवाईत उभा राहिला. हृदयरोग्यांना देण्यात येणारे क्लोपिडोग्रेल यकृतातील दुसऱ्या एका विकराने बदलल्याखेरीज कार्यच करीत नाही. येथे विकर दुबळे असले की औषध अंगावर येत नाही, वाया जाते. असे लोक पूर्व आशियाई व पॅसिफिक बेटांवरील समाजांत अधिक. भारतीयांतही थोडे नाहीत. अमेरिकन औषध-नियंत्रण खात्याने २०१० साली चौकटीतला इशारा छापावयास लावला. ही माहिती दडविल्याचा आरोप ठेवून हवाई राज्याने २०१४ साली दोन कंपन्यांवर दावा लावला. कंपन्यांनी आरोप नाकारला. २०२१ साली ८३ कोटी ४० लाख डॉलरांचा दंड झाला. २०२३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अंशतः रद्द करून फेरसुनावणीस पाठविला. आणि २०२४ साली दंड उतरण्याऐवजी ९१ कोटी ६० लाखांवर चढला!

दावा फसव्या व्यापाराचा होता, म्हणून दंड राज्याच्या वाट्याचा. गोळी नेमाने घेऊनही ज्याचे रक्त गोठले असेल, त्या रोग्याची भरपाई हा त्या न्यायालयापुढील प्रश्नच नव्हता.