अकरा वाजून दहा मिनिटं

गुरुवार, १६ जानेवारी १९९७

सकाळी ७. उरले ४ तास १० मिनिटं.

पहिल्या पाळीची वेळ. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एलबीएस मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण काही फाटकांना कुलपं लागली आहेत. पवईत राहणाऱ्या चौसष्ट वर्षांच्या दत्ता सामंतांना या पट्ट्यात कुणी नावानं ओळखत नाही. ते ‘डॉक्टर’. ही पदवी पुढारीपणातून आलेली नव्हे. मालवणजवळच्या देवबागचा हा मुलगा एमबीबीएस होऊन घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवू लागला, तेव्हा त्याच्याकडे दगडखाणींतले मजूर यायचे. औषध घेऊन गेलेला माणूस पुन्हा त्याच खाणीत उतरतो आणि तेच दुखणं घेऊन परत येतो, हे काही चिठ्ठी लिहून सुटणारं नव्हतं. डॉक्टर खाणमालकांशी भांडायला गेले. त्यांची युनियन अशी दवाखान्याच्या बाकावर सुरू झाली.

सकाळी ८. उरले ३ तास १० मिनिटं.

पुढची सगळी कारकीर्द त्या बाकाची आहे. कंपनीचा ताळेबंद काय म्हणतो, हे ते बघत नसत. कामगाराच्या घरात काय शिजतं, ते बघत. जुन्या युनियनांचे नेते शेकड्याने दोन-चार रुपये वाढवून आणत, डॉक्टर एकदम मोठा आकडा टाकत आणि पुष्कळदा तो मिळवतही. १९७२ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले. आणीबाणीत त्याच काँग्रेसच्या सरकारनं त्यांना तुरुंगात घातलं. १९७७ मध्ये ते सुटले आणि कारखान्यामागून कारखाना त्यांच्या झेंड्याखाली येऊ लागला.

हे सरळ झालं नाही. १९७२ मध्ये विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्याजवळ हिंसाचार झाला. पुढेही युनियन-युनियनच्या भांडणांत कामगारांनी कामगारांची डोकी फोडली. डॉक्टरांना मानणारे हे पान पटकन उलटतात. ते उलटू नये. मार खाणाराही पाळीवरून घरी निघालेला कामगारच होता.

सकाळी ९. उरले २ तास १० मिनिटं.

इथं थांबून १९८१ च्या ऑक्टोबरात जावं लागतं. दिवाळी तोंडावर आली होती आणि बोनसवरून गिरण्यांत धुसफूस होती. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरणी कामगारांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता. ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ, काँग्रेसच्या घरातली. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता, पण कायदा तिच्याकडेच बोट दाखवत होता. तेव्हा प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलच्या कामगारांनी थेट घाटकोपर गाठलं आणि ‘आमचं नेतृत्व करा’ म्हणून डॉक्टरांच्या दारात ठाण मांडलं. डॉक्टर आधी तयार नव्हते. कापड गिरण्यांचा धंदा त्यांचा नव्हता आणि हाताशी कामं ढीगभर होती. कामगार हलले नाहीत. शेवटी डॉक्टर ‘हो’ म्हणाले.

मला वाटतं, मुंबईच्या इतिहासातला हा सगळ्यांत महागडा होकार आहे. संप डॉक्टरांनी लादला असं मालक सांगत आले.  तो लादलेला नव्हता, अंगावर आलेला होता. पण घेतल्यावर तो सोडायचा कधी, हे त्यांनी ठरवलं नाही, आणि हा दोष मात्र त्यांचा. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच दिवसांत अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होत होते. दिल्लीत इंदिरा गांधी ठाम होत्या: सामंतांपुढे नमायचं नाही. एकदा गिरणगावात ते जिंकले, तर उद्या गोदीत, बंदरात, रेल्वेत जिंकतील, ही धास्ती होती. कोठारांत माल साठलेला, यंत्रं जुनी, जमिनीला सोन्याचा भाव येऊ घातलेला. बऱ्याच मालकांना बंद गिरणी चालत्या गिरणीपेक्षा परवडणारी होती. ज्या कारखान्याला थांबणं परवडत नाही, तिथं संप हे हत्यार असतं. ज्याला थांबायचंच आहे, त्याच्याविरुद्ध ते चालत नाही. उपनगरातल्या कारखान्यांत डॉक्टरांनी जे कमावलं, ते याच फरकामुळे गिरणगावात गमावलं. दीड लाखाच्या आसपास लोकांची नोकरी गेली. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची गाडी लावली, घराघरांत बायकांनी डबे करून चूल पेटती ठेवली.

सकाळी १०. उरला १ तास १० मिनिटं.

तरीही १९८४ च्या डिसेंबरात, इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण मध्य मुंबईनं दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. ज्यांचं सर्वस्व गेलं होतं, त्यांनीच ती मतं दिली. हे कोडं ज्याला सुटत नाही, त्यानं डॉक्टरांवर मत देऊ नये. पगार मिळवून देणारे पुढारी त्या माणसांनी पाहिले होते. आपल्यासोबत हरणारा आणि हरल्यावर पळून न जाणारा मात्र हा एकच.

बारा वर्षांनंतरच्या या सकाळी गिरण्यांच्या जमिनींचा काही भाग विकायला नियमांची परवानगी आहे आणि डॉक्टर बंद गिरण्यांच्या कामगारांची देणी मागत आहेत.

सकाळी ११. उरली १० मिनिटं.

टाटा सुमो पवईहून पंतनगरकडे निघायच्या बेतात आहे. पुढे चालक.

११ वाजून १० मिनिटं.

घरापासून जवळच, पद्मावती रोडवर एक सायकलवाला गाडीला आडवा येतो. चालक वेग कमी करतो. दोन माणसं गाडीजवळ येतात आणि डॉक्टर आपल्या बाजूची काच खाली करतात.

मी त्या काचेपाशी नेहमी अडखळतो. गाडी अडवून कागद पुढे करणारे, बडतर्फीची नोटीस दाखवणारे कामगार त्यांना आयुष्यभर भेटले. स्टँडर्ड मिलवाल्यांसाठी उघडलं तेच हे दार. अनोळखी माणूस जवळ आला की तो काही सांगायलाच आला असणार, असं धरून चालणाऱ्या नेत्याला काच वर ठेवायला कुणी शिकवलं नव्हतं.

सतरा गोळ्या झाडल्या जातात. डॉक्टरांच्या डोक्यात, छातीत, पोटात जखमा होतात. चालकही जखमी होतो. मारेकरी पळतात. जवळच्या नर्सिंग होममध्ये डॉक्टरांना मृत घोषित केलं जातं.

त्यानंतर.

साकीनाका पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. स्थानिक आरोपींवरचा खटला २००० मध्ये संपला. गँगस्टर छोटा राजनवर कटाचा आरोप होता. २०१५ मध्ये इंडोनेशियातून त्याला आणल्यावर तो खटला चालला आणि जुलै २०२३ मध्ये विशेष न्यायालयानं पुराव्याअभावी त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे खुनाच्या साडेसव्वीस वर्षांनी.

शनिवार, १८ जानेवारी १९९७.

गिरणी संपाला पंधरा वर्षं पूर्ण झाली. तो संप अधिकृतपणे मागे घेतलेला नव्हता. आजही नाही.