जुने कोणते, नवे कोणते?

गेल्या नाताळात आमच्या गावच्या ख्रिस्तमंदिरात पोरांनी गिटार आणली आणि वडीलधारी मंडळी रुसली. "टिळकांची भजने सोडून हे काय थेर!" मला हसू आले. १८९५ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी उपासनेत विलायती चालींवर बेतलेली गीते रूढ होती. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तने आधीही झाली होती. पण टिळकांनी अभंग-ओव्यांतून प्रार्थनाच मराठी केली. गंमत पाहा, ज्ञानोबा-तुकोबांचे शतकांचे धन तिथे नवे ठरले आणि कालची परकी चाल जुनी! १९१९ साली टिळक गेले. आज तेच परंपरा झाले आहेत. मग गिटारीलाही थोडी मुदत द्यायला काय हरकत आहे?