औंधच्या संग्रहालयाचे राखणदार

औंधच्या श्रीभवानी संग्रहालयाचा विषय निघाला की बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे नाव ओघानेच येते, आणि ते योग्यही आहे. स्वतः चित्रकार व कीर्तनकार असलेल्या या राजाने १९१६ साली 'चित्ररामायण' प्रसिद्ध केले, रविवर्मा-धुरंधरांची चित्रे जमवली आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर हे संग्रहालय उभारले. त्याच वर्षी त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली राज्यघटना १९३९च्या जानेवारीत अमलात आली. चित्रे आणि सत्ता या दोन्हींचे दान एकाच वृत्तीतून आले होते, असे आम्हांस वाटते.

मात्र दान घेणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे सहसा लिहिले जात नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली बाळासाहेब निवर्तले आणि संग्रहालय शासनाकडे आले. राजधानीचे औंध एक साधे गाव झाले. त्यानंतर हा संग्रह रोजच्या रोज सांभाळला तो शिपाई, पहारेकरी आणि कारकुनांनी.

१९९०च्या सुमारास, आमच्या बालपणी, संग्रहालय म्हणजे हीच माणसे होती. खाकी कपड्यांतले एक वयस्क शिपाई कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सावरत पुढे चालत. काचेला हात लागला की नुसते खाकरत. तेवढे पुरे असे. उन्हाची तिरीप चित्रावर येऊ लागली की बोलता बोलता खिडकीचे एक दार लोटून घेत. हेन्री मूरच्या 'माता आणि मूल' या लहानशा शिल्पापुढे आम्ही मुले गोंधळून उभी राहत असू. ना नाक, ना डोळे! ते म्हणत, "लेकुरवाळी आहे ती. जवळून दगड दिसतो. चार पावलं मागं या, मग आई दिसंल."

आधुनिक शिल्पाविषयीचा आमचा पहिला पाठ तो हाच. पुढे महाविद्यालयात समीक्षेचे ग्रंथ वाचले, तेव्हा त्या एका शब्दातले मर्म ध्यानात आले. परक्या देशातल्या दगडाला त्यांनी ओवीतले नाव दिले होते. कलेचे शिक्षण नसलेल्या माणसाने वर्षानुवर्षे एकाच शिल्पाकडे पाहत ते मिळवले होते.

संग्रहालयाचा इतिहास लिहिताना वस्तूंची नोंदवही, देणगीदार आणि संस्थापक यांचा आधार घेतला जातो. कोणत्या चित्रावर कोणत्या वेळी ऊन येते, पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल धरते, गावकरी कोणत्या मूर्तीला नकळत हात जोडतात, हे ज्ञान त्या कागदांत नसते. ते माणसांजवळ असते आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर दाराबाहेर जाते. अशांपैकी जे हयात आहेत, त्यांच्या आठवणी नोंदवून घेणे हे स्थानिक इतिहासाचे तातडीचे काम आहे. राजाने दिलेला ठेवा प्रजेने कसा सांभाळला, याचे उत्तर त्यांच्याचकडे आहे.