गिनी पिगला अनपेक्षित पिल्ले झाली तर...



लेटरकेनीत आपल्या बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टापायी गिनी पिग आले आहेत. भाड्याच्या घरात कुत्र्याला परवानगी मिळत नाही, मग मधला मार्ग म्हणून हा प्राणी येतो. (भारतात असताना आपल्याला गिनी पिग माहीत होता तो प्रयोगशाळेतलाच!) आम्हीही "दोन्ही माद्याच आहेत" या आश्वासनावर एक जोडी आणली आणि दोन महिन्यांनी एका सकाळी पिंजऱ्यात दोनाचे पाच झालेले पाहिले. नंतरचे काही महिने आम्ही जे शिकलो, त्यातले बरेचसे पहिल्याच दिवशी माहीत असायला हवे होते. म्हणून हा लेख.

सर्वात आधी एकच काम करा. पिंजऱ्यातला दुसरा प्राणी नर आहे का ते पाहा, आणि शंका जरी असली तरी त्याला लगेच वेगळे ठेवा. गिनी पिगची मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळले, तोपर्यंत उशीर झाला होता. साधारण नऊ आठवड्यांनी आणखी चार पिल्ले झाली. गर्भाचा काळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो, त्यामुळे दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण असणेही शक्य आहे. तिला एकटीलाच आणले म्हणून निर्धास्त राहू नये.

पिल्लांची काळजी मात्र आपल्याला वाटते तितकी अवघड नाही. उंदराच्या पिल्लांसारखी ती उघडी आणि डोळे मिटलेली नसतात. अंगावर केस, उघडे डोळे आणि दात घेऊनच जन्मतात आणि एक-दोन दिवसांत गवत कुरतडू लागतात. दूध साधारण तीन आठवडे पितात. आईला सडे दोनच असतात, त्यामुळे पिल्ले तीन-चार असली तर पाळी लावून पितात आणि एखादे मागे पडू शकते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक वाडगा ठेवून रोज वजन घ्या आणि वहीत लिहा. जन्मतः वजन ६० ते १०० ग्रॅमच्या आसपास असते. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडे कमी झाले तर घाबरू नका, पण त्यानंतरही घटत राहिले तर डॉक्टरांकडे न्या. गाईचे दूध पाजू नका.

खाण्यात मुख्य म्हणजे भरपूर सुके गवत. त्याशिवाय क जीवनसत्त्व रोज हवे, कारण माणसाप्रमाणे गिनी पिगच्या शरीरात ते तयार होत नाही. (१९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रॉलिक यांना स्कर्व्हीचा अभ्यास करता आला तो याच कारणामुळे.) गाभण किंवा पाजणाऱ्या आईला ते जास्त लागते. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर आपल्या घरात असतेच. सशांचा तयार खाऊ चालत नाही, त्यात हे जीवनसत्त्व नसते.

आता सर्वात महत्त्वाची तारीख : २१ वा दिवस. नर पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की आईला आणि बहिणींनाही गाभण करू शकते. मादी पिल्लू चार आठवड्यांतच गाभण राहू शकते. म्हणून २१ व्या दिवशी नर पिल्ले बाबांकडे आणि मादी पिल्ले आईकडे, अशी वाटणी करावी. ओळखण्याची साधी खूण अशी की मादीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो आणि नराच्या बाबतीत ठिपक्यासारखा उंचवटा दिसतो. लहान वयात दोघांत फारच थोडा फरक असतो आणि आमच्यासारखे दुकानदारही फसतात. छोटे प्राणी पाहणाऱ्या व्हेटकडून खात्री करून घ्या, मगच पिल्लू कोणाला द्या. नाहीतर तुमचे संकट त्यांच्या घरी पोहोचते. मादी पहिल्यांदाच गाभण राहते तेव्हा ती सहा-सात महिन्यांहून मोठी असेल, तर कमरेचे हाड ताठर झालेले असल्याने बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकते, हेही नव्या घरी सांगा. नराचे ऑपरेशन करून घेतले तरी नंतर सुमारे सहा आठवडे त्याला वेगळेच ठेवावे. आणि व्हेटकडे जाताना हे लक्षात असू द्या की तोंडावाटे दिलेले पेनिसिलिन गिनी पिगला घातक ठरते. घरातली माणसांची औषधे तर देऊच नयेत.

पिल्ले द्यायची कोणाला? खरी अडचण इथेच येते. आपल्याकडे वाढदिवसाला गेलो की "मुलांना खेळायला एक घेऊन जा" असे सहज म्हटले जाते आणि समोरच्याला नाही म्हणता येत नाही. असे करू नये. एकटे तर कधीच देऊ नका. हा कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनी पिग एकटा ठेवणे कायद्याने बंद आहे. दोन माद्या किंवा दोन भाऊ एकत्र द्यावेत, किंवा आधीच एकटी मादी असलेल्या घरी मादी द्यावी. आयुष्य पाच ते आठ वर्षांचे असते. आज दहा वर्षांच्या मुलाला दिलेले पिल्लू त्याच्या लीव्हिंग सर्टच्या वर्षीही पिंजऱ्यात असू शकते. घरमालकाची परवानगी आहे का, आणि डिसेंबरात पाच-सहा आठवडे भारतात गेल्यावर ते कोणाकडे राहील, हे दोन प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारले. दोन कुटुंबांनी विचार करून स्वतःच नकार दिला. राग मानला नाही, उलट त्यांचे आभारच मानले.

जाहिरात देणार असाल तर "फुकट" असे लिहू नका. सापाला खाऊ म्हणून नेणारेही असतात. थोडी रक्कम घ्या, हवी तर एखाद्या प्राणिसंस्थेला देऊन टाका. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२० पासून एका कॅलेंडर वर्षात सहा किंवा अधिक पाळीव प्राणी विकणाऱ्या वा देणाऱ्या व्यक्तीला कृषी विभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि जाहिरातीत प्राण्याचे वय आणि मूळ देश द्यावा लागतो. दुसऱ्या वेताची पिल्ले मोजताना आम्हाला हा आकडा आठवला! एकूण सात झाली, दोन माद्या आईपाशी ठेवल्या आणि पाच दिली, म्हणून मर्यादेत राहिलो. सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकता येत नाही.

"एवढे हिरवे गवत आहे, शेतात सोडून द्या की" असा सल्ला आम्हालाही मिळाला. डोनेगलच्या थंडी-पावसात हा पाळीव प्राणी तग धरत नाही, कोल्ह्या-मांजरांचे तर सोडाच. शिवाय २०१३ च्या प्राणी आरोग्य व कल्याण कायद्यानुसार प्राणी वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. घरच मिळत नसेल तर आयएसपीसीएशी बोला. त्यांचे या जिल्ह्यातले केंद्र इथून जवळ, रॅमेल्टनपाशी आहे. न विचारता पिंजरा घेऊन दारात जाऊ नका, आधी फोन करा. जागा नसली तर थोडे दिवस वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यासाठी नरांना वेगळा पिंजरा घरात हवा.

आमच्याकडे असा एक जास्तीचा पिंजरा रिकामा पडला आहे. कोणाला लागला तर मंडळाच्या समितीकडे निरोप ठेवा, शनिवारी आणून देऊ.