किल्लारीची भिंत

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारीस भूकंप झाला. त्या परिसरांत ७,५०० हून अधिक माणसें दगावलीं. मापनांत धक्का अवघा ६.२ भरला, मग एवढा संहार कां? मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींची दोन्ही तोंडें सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. त्या कोसळल्या, जड माळवदें खचलीं. लांकडी खणाचा सांगाडा मात्र पुष्कळ ठिकाणीं उभाच राहिला. १९९२ सालीं तेथें लहान धक्के बसले होते; गांवकरी भ्याले, पण भिंती तशाच राहिल्या. भूकंपाची घटका शास्त्रास सांगतां येत नाहीं. भिंत कशी बांधावी हें मात्र सांगतां येतें. तें ज्ञान ग्रंथांतून निघून गवंड्याच्या हातांत उतरलें पाहिजे.